मागून वर, पुढून खाली

रविवार, २३ मार्च २०२५

ही वही माझ्यापुरती. कंपनीत मी जे लिहितो ते चार जण तपासतात आणि सहा जण त्यावर सह्या करतात, त्यामुळे खरं लिहायची सवय सुटली आहे. इथे फक्त खरं.

आज स्लेनजवळच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळावा होता. माझी १९७० ची मस्टँग. सात वाजता धुतली, साडेसातला पुसली, आठला पुन्हा पुसली. सहा वर्षं ड्रोहेडात अशी ही एकच होती. ‘होती’ लिहावं लागतंय, कारण गेल्या महिन्यात केदारनेही घेतली. तेच साल, तेच मॉडेल, तोच निळा. तो म्हणतो त्याचा निळा वेगळा आहे. नाहीये.

केदार म्हणजे आमच्याच कंपनीतला, पॅकेजिंगमधला, आमच्याच इस्टेटमध्ये, म्हणजे वसाहतीत, चार घरं सोडून राहणारा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पाच वर्षांपूर्वी आयर्लंडला आला तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला मीच गेलो होतो. याच गाडीतून. तेव्हाच मनात ठेवलं असणार.

लोक माझ्या गाडीपाशी थांबत, छान म्हणत आणि पुढे जात. त्याच्या गाडीपाशी थांबत आणि थांबूनच राहत. एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्याला विचारलं, हिला कोणी हात लावलेला नाही ना, कारखान्यातून आली तशीच आहे ना? केदार हो म्हणाला. गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझीही तशीच आहे, हे मी मधे पडून सांगितलं. ते माझ्याकडे न बघता ‘ग्रँड’ म्हणाले.

मला वाईट वाटलेलं नाही. फक्त खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, वाटलं. निदान असं आहे की माझी गाडी फारच साधी दिसते.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

संकल्पाचा दिवस. पहिला संकल्प, गाडीला व्यक्तिमत्त्व द्यायचं. दुसरा, केदारशी तुलना करायची नाही.

तिसरा मोठा आहे. मुलगी सानिका जूनमध्ये लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी, देईल आणि सप्टेंबरमध्ये तिचं डेब्स. म्हणायला शाळा सुटल्याची मेजवानी, पण थाट लग्नाचा. मुली लांब गाऊन घालतात, बरोबरचा मुलगा फुलं आणि चॉकलेटं घेऊन दारात येतो, शेजारीपाजारी फोटो काढायला जमतात, आणि कोणाची मुलगी कुठल्या गाडीतून गेली याची चर्चा पुढच्या डेब्सपर्यंत पुरते. सानिका माझ्या गाडीतून जाईल आणि गाडी मी चालवीन. नंतर ती कॉलेजला जाणार, मग कुठली ती माझ्या शेजारी बसायला. म्हणजे ही एकच संध्याकाळ आहे.

बायकोला, स्वरूपाला, हे सांगितलं. ती म्हणाली, सानिकाला विचारलंस का?

विचारलं. सानिका फोनमधून मान वर न करता म्हणाली, व्हॉटेव्हर बाबा, इदर कार इज फाइन. ‘इदर’ म्हणजे दोन्हीपैकी कुठलीही. दुसरी कुठली, हे विचारायची गरज पडली नाही.

शनिवार, १२ एप्रिल

काम झालं! सत्तरच्या दशकात अमेरिकेतली पोरं या गाड्यांचा मागचा भाग उंच करायची. मागे रुंद टायर, वर उचललेलं बूड, नाक जमिनीकडे. गाडी उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते. अभ्यास करूनच निर्णय घेतला आहे, तीन आठवडे व्हिडिओ पाहिले.

काम डेक्लनने केलं. कॉलन रोडवरचा साठीचा मेकॅनिक, मोजकंच बोलतो. म्हणाला, अठ्ठ्याहत्तर साली मी माझ्या गाडीला हेच केलं होतं, आणि एकोणऐंशी साल ते काढण्यात गेलं. जुनी माणसं उगाच घाबरवतात.

गाडीत बसलं की सतत उतारावर असल्यासारखं वाटतं. स्वरूपा म्हणाली, सीटवरून घसरायला होतंय. पट्टा असतो की.

केदार बघायला आला. गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, मुरलीदादा, एकदम हटके. हटके! जळाला.

सोमवार, २१ एप्रिल

सासूबाई आल्या. प्रमोदिनीबाई, इस्लामपूरच्या. तीन महिन्यांचा व्हिसा आहे, तो वाढवून घ्या, डेब्स बघूनच जाणार म्हणतात. मुद्दाम मस्टँग घेऊन एअरपोर्टला गेलो. पार्किंगमध्ये त्या गाडीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं भारावल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, म्हस उठताना आधी बूड वर करती, तशी दिसतीया की वो ही.

सानिका इतकी हसली की तिला उचकी लागली. तिला एवढी मराठी समजते हे आजवर माहीत नव्हतं. आमच्याशी तर सगळं इंग्रजीतूनच, आणि तेही ड्रोहेडाच्या हेलात.

शनिवार, ३ मे

आज जे पाहिलं ते लिहायचं नव्हतं. पण वही खऱ्याची आहे.

सानिका शनिवारी सकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असा माझा समज होता. दूध आणायला निघालो तर केदारच्या गराजचं दार उघडं, आणि आत सानिका. गालाला ग्रीस. समोर त्याच्या गाडीचा कार्ब्युरेटर, सुटा करून वर्तमानपत्रावर मांडलेला. केदार तिला शिकवत होता असं म्हणावं, तर सगळं तीच करत होती आणि तो स्टुलावर बसून बिस्किटं खात होता. एकदा तिचं चुकलं. त्याने सांगितलंसुद्धा नाही, दुसरं बिस्किट घेतलं. तिचं तिलाच कळलं आणि तिने उलटवून बसवलं. किती खूश दिसत होती.

घरी आल्यावर मी तिला शांतपणे विचारलं, माझ्या गाडीला सहा वर्षांत कधी हात लावावासा वाटला नाही का? ती म्हणाली, यू नेव्हर लेट मी, बाबा.

हे साफ खोटं आहे. मी फक्त हात धुऊन ये म्हणतो. आणि अंगठी काढ. आणि जीन्सच्या खिशाला धातूची बटणं नकोत, रंगाला चरे पडतात. आणि मी असताना. हे नियम सगळ्यांना सारखे आहेत.

स्वरूपाने विचारलं, चेहरा का असा? म्हटलं, दूध विसरलो.

गाडीची गोष्ट असती तर समजू शकलो असतो. असो. इलाज हातात आहे. गाडी अजून पुरेशी लक्ष वेधून घेत नाही.

शनिवार, १७ मे

बॉनेटवर दोन पांढरे पट्टे चिकटवले. डावा पूर्ण सरळ आहे. मागच्या काचेवर काळ्या झडपा बसवल्या, त्यांना लूव्हर्स म्हणतात, त्या काळी फॅशन होती. मागचं दिसत नाही, पण आरसे आहेत. आणि बॉनेटवर मधोमध हवा ओढणारा स्कूप. हा हवा ओढत नाही, बॉनेटला भोक पाडायची हिंमत झाली नाही, म्हणून दुहेरी टेपने लावला आहे. बघणाऱ्याला काय कळतंय.

उद्या मेळाव्याला सगळे मिळून बालब्रिगनला जायचं आहे. केदार माझ्या मागे असेल. बघत येऊ दे.

रविवार, १८ मे

जुन्या डब्लिन रस्त्यावर स्कूप उडाला. मला कळलं नाही, लूव्हर्समुळे. केदारने गाडी बाजूला घेतली, रस्त्यावरून उचलून आणला, आणि तिथे पोहोचल्यावर सगळ्यांसमोर मला दिला. पुसून. दुसऱ्याला कमी दाखवायचे किती सभ्य मार्ग असतात हे या माणसाकडून शिकावं.

टेप निकृष्ट होती.

बुधवार, ४ जून

लीव्हिंग सर्टचा पहिला दिवस. इंग्रजी. मस्टँगने सोडतो म्हटलं. गेल्या आठवड्यात दोन्ही बाजूंना धुराचे साइड पाइप लावले आहेत, आवाज आता छातीत जाणवतो. सानिका म्हणाली, प्लीज बाबा, नको, हॉलच्या खिडक्या उघड्या असतात. स्वरूपा कोरोलाने घेऊन गेली. पेपर चांगला गेला म्हणे. मस्टँगने आणखी चांगला गेला असता.

शनिवार, ५ जुलै

मोठी चूक लक्षात आली. मागून वर हे आता कोणीच करत नाही. सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. आता जमाना खालचा आहे. चारही बाजूंनी खाली, इतकी की चाकाची वरची कड पत्र्याखाली गेली पाहिजे. ते दिसलं की मागून वरचं गावठी वाटायला लागतं. सासूबाई तसं आधीच म्हणाल्या होत्या, पण त्यांची कारणं वेगळी होती.

डेक्लनने मागची उंची काढून दिली. काम करताना शीळ वाजवत होता. पुढच्या स्प्रिंगा कापून दे म्हटलं तर म्हणाला, बुटक्या स्प्रिंगा मिळतात त्या मागव, मी कापणार नाही, त्याला माझं नाव लागायला नको. मग मीच ग्राइंडरने कापल्या. दीड वेढा. कंपनीत आम्ही केसाएवढ्या फरकासाठी तीन पानं लिहितो. घरी अंदाजाने कापलं. माणसात एवढा आत्मविश्वास हवा.

मागचीही खाली घेतली. काय दिसते! जमिनीला चिकटल्यासारखी. केदारची तिच्या शेजारी उभी केली तर टेम्पो वाटेल.

रविवार, ६ जुलै

आमच्या इस्टेटच्या तोंडाशी जो रॅम्प, म्हणजे स्पीडब्रेकर आहे, त्यावर गाडी अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट मधे. मागे चार गाड्या. एकाने खाली उतरून विचारलं, आर यू रायट देअर, मरी? मुरलीधर कोणालाच जमत नाही.

केदार दोन फळ्या घेऊन धावत आला. नेहमीप्रमाणे. सानिकाही आली. दोघांनी फळ्या कुठे लावायच्या यावर अर्धं मिनिट चर्चा केली, तिचं म्हणणं वेगळं होतं, तिचंच बरोबर निघालं. गाडी सुटली तेव्हा त्या दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मी स्टिअरिंगवर होतो. मला कोण टाळी देणार.

मूळ कारण: रॅम्पची उंची. इस्टेटच्या कमिटीला फोटोंसकट ईमेल पाठवली आहे.

मंगळवार, १५ जुलै

स्वरूपाने रंगीत तालीम घेतली. सानिकाचा डेब्सचा गाऊन आला आहे, बाटलीच्या काचेसारखा हिरवा, पायघोळ. ती घालून तिने माझ्या गाडीत बसायचा प्रयत्न केला. आधी जवळजवळ जमिनीवर बसावं लागलं, मग आत सरकावं लागलं. उतरताना सासूबाईंनी दोन्ही हात धरून ओढलं, विहिरीतनं बादली काढावी तसं. सानिका हसत होती. स्वरूपा नव्हती.

स्वरूपाने अट घातली. गाडी तूच चालव, मला काही नाही, पण पोरीला माणसासारखं बसता-उतरता आलं पाहिजे, आणि रस्त्यात अडकता कामा नये. तोपर्यंत केदारला स्टँडबाय म्हणून सांगून ठेवते.

स्टँडबाय! माझ्या मुलीच्या डेब्सला! आणि सानिका म्हणते, केदारकाका डझन्ट माइंड. तो कशाला माइंड करेल. त्याला हेच हवंय. पहिल्यांदा गाडी, मग शनिवार, आता डेब्स. उद्या म्हणेल आडनावही द्या.

शनिवार, २ ऑगस्ट

उपाय सापडला. एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे, डिकीत हवेची टाकी, डॅशबोर्डवर बटण. दाबलं की गाडी वर, सानिका राणीसारखी आत बसेल, रॅम्प आला की अजून वर. आणि लोक फोटो काढायला उभे राहिले की बटण, आणि फुस्स करून गाडी खाली, थेट जमिनीपर्यंत. केदारची गाडी वर जात नाही की खाली येत नाही. नुसती उभी असते.

लाँग वीकएंड आहे, सोमवारपर्यंत मीच बसवतोय. डेक्लनला विचारलं नाही.

दुपारी सानिका गराजमध्ये आली. हात धुऊन आली होती, दाखवले. म्हणाली, नीड अ हँड? मी म्हटलं, आज नको, हे फार नाजूक काम आहे, एक नळी चुकली तर सगळं काढावं लागेल. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. नळ्या बघत होती. मग गेली.

संध्याकाळी एक नळी चुकलेली निघाली. सगळं काढावं लागलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

निकाल! सानिकाला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त पॉइंट्स. मी गाडीखाली होतो, उजव्या फुग्यातून हवा जात होती. आधी आईला कळलं, मग आजीला, मग केदारला कारण तो दारावरून चालला होता, मग मला. मी खालूनच म्हटलं, शाब्बास. मला खरोखर फार आनंद झाला होता. पण हातात पाना होता.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

नैवेद्याचं ताट वाढताना कॉलेजची ऑफर आली. कॉर्क, मेकॅनिकल इंजिनिअरिंग, तिची पहिली पसंती. सासूबाईंनी पहिला मोदक गणपतीला आणि दुसरा सरळ तिच्या तोंडात. मी विचारलं, कॉर्क का, मेनूथ इथून तासाभरावर आहे. ती म्हणाली, तिथला कोर्स बरा आहे, केदारकाकाने पूर्ण सिलॅबस वाचून काढला.

मेकॅनिकल कोणामुळे हे विचारलं नाही. बिस्किटं खाणाऱ्यामुळे. मी सव्वीस वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

आता सगळी भिस्त चार तारखेवर.

सोमवार, १ सप्टेंबर

गुरुवारचा प्रोटोकॉल लिहून काढला. पाच वाजता ओशिन येईल, तो तिच्या वर्गातला, उंच, लाजरा. सव्वापाचला पूजा. पाच-पंचवीसला गाडी खाली, फोटो. पाच-तीसला गाडी वर, सानिका आत. अर्ध्या तासाचा बफर. सहाला प्रस्थान. रॅम्पवर वेग ताशी चार किलोमीटर. स्वरूपाला सहीसाठी दिला. तिने न वाचता सही केली.

एअर सस्पेन्शन चोवीस वेळा वर-खाली करून पाहिलं. चोवीसपैकी तेवीसदा पास.

गुरुवार, ४ सप्टेंबर, दुपारी ३

लख्ख ऊन. टाकीत हवा पूर्ण. बॉनेटवरचे पट्टे काढून टाकले, उजव्याला फुगे आलेच होते. मी रेशमी कुर्ता घालणार आहे. केदारचा मेसेज: गाडी धुऊन दारात ठेवली आहे दादा, लागली तर सांगा. लागणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८

क्रमाने लिहितो. नंतर कोणी काही सांगेल, त्याआधी इथे नोंद असलेली बरी.

पाच वाजता ओशिन आला. फुलं स्वरूपाला, चॉकलेटं सासूबाईंना. सासूबाईंना साखर आहे, तरी डबा सोडला नाही. पाच-दहाला सानिका जिन्यावरून खाली आली. मी बघितलं. काय लिहू. बाहेर जाऊन गाडी पुसली.

समोरची ब्रीड फोन घेऊन आली, मागोमाग अर्धी इस्टेट. केदारही आला, मागे उभा राहिला.

पूजा सासूबाईंनी केली. पोरगी नटूनथटून चाललीया, दिष्ट काढल्याबिगर गाडी हलवायची न्हाई, असं त्यांनी ओशिनलाच बजावलं. तो येस म्हणाला. चार चाकांपुढे चार लिंबं. मग नारळ गाडीवरून ओवाळला आणि गाडीपुढे जमिनीवर ठेवला, फोडायला मला हाक मारली. मी म्हटलं, एक मिनिट, आधी फोटो. पाच-पंचवीस झाले होते. प्रोटोकॉल.

गाडीचं तोंड घराकडे होतं आणि आमच्या ड्राइव्हवेला उतार रस्त्याकडे आहे. हे मला माहीत होतं. नारळाला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. मी आत बसलो, सगळ्यांना म्हणालो, वॉच धिस, आणि बटण दाबलं. फुस्स. गाडी डौलात खाली गेली. चोवीसात इतकी छान कधी गेली नव्हती. मग कटकन आवाज आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रीडला वाटलं नारळ असाच फोडतात.

आधी नारळाचं पाणी वाहत आलं. मग काळं. इंजिनाखालच्या ऑइलच्या सम्पला चीर गेली होती.

मी घाबरलो नाही. गाडी वर घेतली, जॅक आणि स्टँड लावले, कुर्त्यासकट खाली शिरलो. चीर भरायची पुट्टी घरात होती, दहा मिनिटांत घट्ट होते असं पाकिटावर लिहिलं आहे. बफर अर्ध्या तासाचा होता. म्हणजे गणित जमत होतं.

केदार वाकला. हातात त्याच्या गाडीची किल्ली. म्हणाला, मुरलीदादा, माझी घ्या. तुम्ही चालवा, तुमची लेक आहे. मी इथे बघतो हे. मी म्हटलं, गरज नाही, पाच मिनिटांत होतंय. तो पुन्हा म्हणाला, दादा, घ्या हो. मी म्हटलं, तेरा नंबरचा पाना दे. त्याने पाना दिला.

मी त्याची गाडी चालवत माझ्या मुलीला नेऊ? सगळं ड्रोहेडा म्हणेल, शेवटी मुरलीला केदारचीच गाडी लागली. नाही म्हणजे नाही.

मधे आणखी कोणीतरी वाकलं, उजेड अडला. मी म्हटलं, बाजूला व्हा, काही दिसत नाहीये. झाले बाजूला.

मग व्ही-एट इंजिनाचा आवाज. माझ्या गाडीचा नाही. केदारच्या गाडीचा आवाज माझ्या गाडीपेक्षा गोल आहे. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पुट्टी सहा वाजून पाच मिनिटांनी घट्ट झाली. गळती पूर्ण बंद. बाहेर आलो तर ड्राइव्हवेवर कोणी नव्हतं, सासूबाई तेवढ्या खुर्ची टाकून चॉकलेट खात होत्या. म्हणाल्या, जावईबापू, गेली की वो पोरगी.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सानिका सकाळी आली, झोपली आहे. स्वरूपा बोलत नाही.

विचार केला. दोष गाडीचा नाही. सस्पेन्शनने त्याचं काम चोख केलं, उलट जरा जास्तच. नारळ कुठे ठेवायचा हे प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, हीच एक त्रुटी. आणि केदारचं ते किल्ली पुढे करणं! तो डावच होता. घेतली असती तर तो मोठा, नाही घेतली तर मी लहान.

केदारचा मेसेज आला आहे. सानिकाला नीट सोडलं, गाडीत शांत होती. शांत होती म्हणजे काय? उत्तर दिलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

सानिका कॉर्कला गेली. कोरोलात ती, स्वरूपा, सासूबाई आणि सामान. मांडीवर कुकर घेऊन बसलो असतो तर मीही मावलो असतो. पण आज नवा सम्प यायचा होता, कुरिअरला घरातल्या माणसाची सही लागते. सानिका म्हणाली, नो बदर, बाबा. मी म्हटलं, गाडी नीट झाली की पहिली चक्कर कॉर्क.

सम्प आला नाही. सोमवारी येणार.

रविवार, १४ सप्टेंबर

ब्रीडने डेब्सचे सगळे फोटो पाठवले. दोनशे चौदा. स्वरूपा अजून कॉर्कहून परतायची आहे, म्हणून निवांत एकेक पाहिले. मी कशात आहे ते बघत होतो. गाडी एकसष्ट फोटोंत आहे. केदार अकरा, त्यातही कडेला. सासूबाई आणि चॉकलेटं आठ. ओशिन सगळीकडे, डोळे मिटलेले.

मी एकात. म्हणजे माझे पाय. कुर्त्याचा घेर, लेंगा आणि दोन पाय गाडीखालून बाहेर आलेले.

आधी मी गाडीच पाहिली. स्टँडवर चढवल्यामुळे तिची उंची नेमकी मूळची, कारखान्यातून आली तेवढी झाली आहे. सुंदर दिसते. सहा महिन्यांत इतकी सुंदर दिसली नव्हती. पुन्हा तशी करावी का? केदार म्हणेल त्याची नक्कल केली.

मग फोटो मोठा केला. पायांशेजारी हिरवं आहे. सानिका आहे ती. एका हाताने गाऊन वर धरलाय, दुसरा हात खाली टेकवलाय, त्या काळ्या ऑइलमध्ये, आणि मान जेवढी वाकवता येईल तेवढी वाकवून गाडीखाली बघतेय. तोंड उघडं आहे. काहीतरी बोलतेय.

तिला मी काय म्हणालो ते चार तारखेला लिहिलेलं आहे. पुन्हा लिहीत नाही.

फोन लावला. म्हटलं, डेब्सच्या दिवशी मी खाली होतो तेव्हा तू काय म्हणत होतीस? तिला आधी आठवेना. मागे पोरांचा गोंधळ चालला होता. मग म्हणाली, नथिंग बाबा, आय वॉज ओन्ली सेइंग बाय. आणि मैत्रिणी थांबल्यात, जायला हवं, म्हणाली.

मी बाय म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता.